झाकली मूठ आणि झाकलेली डोकेदुखी

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावीला. दोन वर्षांपासून बॉक्सिंगला जाते. जिल्ह्यात पहिली आली, विभागावर हरली, पण तेव्हापासून पहाटे पाचला गजर न लावता उठते. सर म्हणतात, हिच्या हातात दम आहे, पुढे पोलीस भरतीला, रेल्वेला उपयोग होईल.

माझ्या मोठ्या दिरांनी मोबाइलवर जपानची बातमी वाचली. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी खेळलेले दोन तरुण बॉक्सर आठवडाभरात गेले म्हणे. रात्री जेवताना ते म्हणाले, असल्या खेळावर सरकारनेच बंदी घालायला पाहिजे. सरकार घालेल तेव्हा घालेल, आपल्या घरात आजपासून बंदी. यांनी मान डोलावली. सासूबाईंना तर आधीपासूनच नाकाची काळजी, नाक मोडलं तर पोरीचं लग्न कसं व्हायचं. आता ग्लोव्हज पलंगाखालच्या पेटीत आहेत, किल्ली यांच्याकडे. मुलगी आठ दिवस कुणाशी धड बोललेली नाही.

भाऊजी शिकलेले आहेत. ते म्हणतात, जगभरातल्या डॉक्टरांच्या संघटनासुद्धा बंदी मागतात. सर म्हणतात, क्रिकेटमध्येही माणसं मरतात, म्हणून कुणी क्रिकेट बंद केलं का? मला दोघांचंही पटतं. कुणाचं ऐकू?

ता. क. हे सगळं व्हायच्या पंधराएक दिवस आधी सरावात एका मोठ्या मुलीचा ठोसा हिच्या कानशिलावर बसला होता. दोन दिवस डोकं दुखत होतं, ट्यूबलाइट लावू नको म्हणत होती. "आई, बाबांना सांगू नको, बंद करतील," म्हणाली. मी गोळी दिली आणि नाही सांगितलं. मग तिला बरं वाटलं. माझी चूक झाली का?

तुमची, एक आई


प्रिय आई,

ताज्या कलमापासूनच सुरुवात करते. आपल्याकडे पत्रात सगळ्यात महत्त्वाचं असतं ते नेमकं ता. क. मध्ये येतं. दीर, सासूबाई, सरकार, जपान सगळं वर, आणि लेकीचं दुखणं तळाशी.

हो, चूक झाली. तुमच्या जागी मी असते तर मीही बहुधा तीच केली असती, आणि तुमच्यापेक्षा जास्त शिकलेली असूनही मी तशीच एक करून बसले आहे, ते पुढे सांगते. मेंदूला हादरा बसला होता की नाही, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवलेली बाई आहे. पण डोक्याला मार लागल्यानंतर दोन दिवस डोकं ठणकणं आणि उजेड नकोसा होणं या हादऱ्याच्या ओळखीच्या खुणा आहेत. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, रक्तही यावं लागत नाही. गोळीने दुखणं दबतं, पण अशा वेळी दुखणं हाच एक निरोप असतो आणि तोच आपण दाबून टाकतो. शिवाय पहिला हादरा पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही भारी पडू शकतो, आणि कोवळ्या वयात हा धोका अधिक. त्या दोन दिवसांनंतर ती पुन्हा रिंगमध्ये कधी उतरली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशीच उतरली असणार. या पोरांना मी ओळखते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आंतरशालेय स्पर्धेला मी आठ मुलं घेऊन गेले होते. मैदानात मांडव, बांबूंना बांधलेले दोर, खाली सतरंज्यांवर ताणलेली ताडपत्री. डॉक्टर येणार होते, ते आले नव्हते, आणि त्यांच्यासाठी कुणी थांबलंही नाही. आमच्या एका मुलाला दुसऱ्या राउंडमध्ये हनुवटीवर सणसणीत ठोसा बसला. राउंड संपल्यावर कोपऱ्यात पाणी पिताना मला म्हणाला, "बाई, डोळ्यांपुढे चमकलं." आणि लगेच, "पण थांबवू नका ना." मी नाही थांबवलं. तो जिंकला. मी पाठ थोपटली. परतीच्या एसटीत तो दोनदा ओकला. सगळे म्हणाले, गाडी लागली. मीही तेच म्हणाले, त्याला खिडकीशी बसवलं आणि हुंगायला लिंबू दिलं. रात्री दोन वाजता त्याचे वडील माझ्या दारात उभे होते. पोरगं जागं होत नव्हतं.

वाचला तो. जिल्ह्याला नेला, तिथून मोठ्या शहरात, डोक्याचं ऑपरेशन झालं. वर्ष वाया गेलं. पुस्तक उघडलं की तो कपाळ धरून बसायचा. आज दोन मुलांचा बाप आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मला तो नमस्कार घ्यायला अवघड जातं.

तेव्हा पहिलं काम. बंदीची चर्चा कुठे का जाईना, तुम्ही तिला डॉक्टरांकडे न्या. गावातल्या डॉक्टरांना कधी ठोसा बसला, किती दिवस दुखलं, त्यानंतर कितीदा रिंगमध्ये उतरली, अभ्यासात लक्ष लागतं का, झोप कशी आहे, हे सगळं न लपवता सांगा. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर जिल्ह्याला जा. स्कॅन काढायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि काढलाच, नॉर्मल आला, तर "बघा, काही झालंच नव्हतं" असं कुणाला म्हणू देऊ नका. हादरा स्कॅनवर दिसतोच असं नाही. सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी गुंगी, बोलताना जीभ अडखळणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, झटका, हातापायातली शक्ती जाणं, यातलं काहीही केव्हाही दिसलं तर सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. हे ठोशानंतरच नाही, सायकलवरून पडल्यावरही लक्षात ठेवा.

आता दिरांचा मुद्दा. त्यांच्या पदरात त्यांचं माप आधी टाकते, कारण ते चूक बोलत नाहीत.

बातमी खरी आहे. २ ऑगस्ट २०२५ ला तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच दिवशीच्या लढतींत शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोघे खेळले. दोघेही २८ वर्षांचे. उराकावा आठव्या राउंडमध्ये नॉकआउट झाला. कोतारी बाराच्या बारा राउंड उभा राहिला, लढत बरोबरीत सुटली आणि मग तो कोसळला. दोघांच्याही मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलं होतं. दोघांवर शस्त्रक्रिया झाल्या. एक ८ तारखेला गेला, दुसरा ९ तारखेला.

कोतारी लढतीत नॉकआउट झालाच नव्हता, हे लक्षात घ्या. पडला तो संपला आणि उभा राहिला तो ठीक, असं आपण बाहेरून बघणारे धरून चालतो. मेंदू कवटीत खिळा ठोकून बसवलेला नसतो. गोटा नारळ कानाशी धरून हलवा, आतलं खोबरं खुळखुळतं ना, तसाच काहीसा प्रकार. ठोशाने डोकं गर्रकन फिरतं, मेंदू मागून येतो, आणि आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. एखादी तुटली की रक्त साठू लागतं. कधी मिनिटांत कळतं, कधी तासांनी, एसटीत.

हेडगार्डबद्दलही तुमच्या घरात गैरसमज असेल, बहुतेकांचा असतो. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान वाचतो. आतला गोटा हलायचा तो हलतोच. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड आले, २०१३ मध्ये मोठ्या वयाच्या पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून काढले गेले, महिलांना मात्र पॅरिसलाही घालावे लागले, आणि त्याने फायदा होतो की तोटा यावर अजून डोकी फोडाफोडी चालू आहे (या खेळाच्या बाबतीत हा शब्दप्रयोग जरा जपूनच वापरला पाहिजे). आणि ग्लोव्हज? ते मुळात मारणाऱ्याची बोटं वाचवतात. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर हात मोडतो, म्हणून माणूस हात आवरून मारतो. ग्लोव्हज चढले की तोच माणूस डोक्यावर मोकळेपणाने मारू लागतो.

डॉक्टरांना हे आज कळलेलं नाही. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने जुन्या बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर आणि जड जिभेवर निबंध लिहिला. 'पंच ड्रंक' म्हणजे ठोशांनी झिंगलेला, हा रिंगभोवतीचा शब्द तिथून वैद्यकात गेला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये १५ निवृत्त बॉक्सरांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी करून मेंदू कुठे कुठे झिजतो ते दाखवण्यात आलं. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने १९८२ पासून बंदीची मागणी लावून धरली, पुढच्याच वर्षी जागतिक वैद्यक संघटनेने आणि १९८४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेनेही तीच भूमिका घेतली. त्याच १९८४ मध्ये मोहम्मद अलीला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. त्याच्या बाबतीत दोष ठोशांचा किती आणि नशिबाचा किती यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण १९९६ ला अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा अली ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांना निबंध वाचायची गरज उरली नाही.

म्हणून सरांचं क्रिकेटचं उदाहरण मला पटत नाही. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभे राहिले आणि चेंडू डोक्याला लागून गेले. फिलिप ह्यूज २०१४ मध्ये उसळता चेंडू मानेवर बसून गेला. पण तिथे डोक्याला चेंडू लागला म्हणून गोलंदाजाला बळी मिळत नाही. लागला तर खेळ थांबतो, सगळे धावतात. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर नेमका बसलेला ठोसा म्हणजे गुण, आणि समोरचा त्याने आडवा झाला तर विजय. कुस्तीतही मान मोडते, कान चुरगळून भजी होतात, पण चीतपट करायला प्रतिस्पर्ध्याचं भान हरपावं लागत नाही. हा फरक सरांनी मान्य केला तर पुढचं बोलणं सोपं जाईल. डॉक्टरांचा सगळा आक्षेप या एका फरकावर उभा आहे.

मग बंदी घालावी का? इथे माझी आणि दिरांची वाट वेगळी होते.

स्वीडनने १९७० मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली, नॉर्वेने १९८१ मध्ये. श्रीमंत, शिस्तीचे देश, बंदी कागदावर राहिली असं नाही. पण बॉक्सर खेळायचे थांबले नाहीत, परदेशात जाऊन खेळले. नॉर्वेची सेसिलिया ब्रेखुस जगज्जेती झाली तरी आपल्या देशात व्यावसायिक लढत खेळणं तिला गुन्हा होता. ती डेन्मार्कमध्ये, जर्मनीत खेळायची. स्वीडनने २००७ पासून परवान्याच्या आणि वैद्यकीय अटींवर खेळ पुन्हा चालू केला, नॉर्वेने २०१४ च्या शेवटी बंदी उठवली आणि २०१६ मध्ये ती पहिल्यांदा ऑस्लोत, आपल्या माणसांसमोर व्यावसायिक लढत खेळली.

एवढ्या लांब कशाला? आपल्याकडची बैलगाडा शर्यत घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, बैलांच्या हालांचं कारण खरंच होतं. मग काय झालं? भल्या पहाटे, फोनवरून निरोप देऊन, आडवळणाच्या माळावर गाडे पळायचे. पोलीस यायच्या आत सगळं आवरलेलं. तिथे ना बॅरिकेड, ना जनावरांचा डॉक्टर, ना ॲम्ब्युलन्स, आणि एखादा चाकाखाली आलाच तर कुठे लागलं हे दवाखान्यात सांगायचीही चोरी. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली. अटी सगळीकडे पाळल्या जातात असं मी म्हणणार नाही, पण पाळल्या नाहीत तर जाब विचारायला आता एक कागद आहे.

चोरून केलेल्या गोष्टीत माणूस आपलं दुखणं आधी लपवतो. मला बंदीची भीती वाटते ती एवढ्यासाठीच. देशाची बंदी आणि घराची बंदी, दोन्हींचा गुण एकच. तुमची मुलगी "बाबांना सांगू नको" म्हणाली तेव्हा तुमच्या घरात बंदी आलेलीसुद्धा नव्हती. बंदीच्या नुसत्या धास्तीने तिने डोकेदुखी अंगावर काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. ते अब्रूला लागू आहे. डोक्याच्या माराला लागू नाही.

मेरी कोमचं तर तुम्हाला माहीतच असेल. तिनेही सुरुवातीला घरी सांगितलं नव्हतं. २००० साली राज्य स्पर्धा जिंकल्यावर वर्तमानपत्रात फोटो छापून आला तेव्हा वडिलांना कळलं. ते स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले, तरी त्यांना चेहऱ्याची आणि लग्नाची चिंता. (सासूबाईंना हे जरूर सांगा. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली आणि त्यानंतरही ती जगज्जेती झाली. नाकाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.) ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना वाटतं, त्या लपवाछपवीच्या महिन्यांत तिला एखादा वाईट ठोसा बसला असता तर ती घरी कुणाला सांगणार होती?

या खेळात जे थोडंफार सुधारलं, ते कुणीतरी गेल्यावर सुधारलं, हेही खरं. नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत रे मन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू चार-पाच दिवसांत गेला, तेव्हा कुठे जागतिक अजिंक्यपदाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर यायला लागल्या. जपानच्या या दोघांनंतर आशिया-पॅसिफिक भागातल्या संघटनेच्या अजिंक्यपदाच्या लढती बारावरून दहावर आणल्या. लंडनचा मायकल वॉटसन १९९१ मध्ये रिंगमध्ये कोसळला, तिथे त्याला लागलीच हवी ती मदत मिळाली नाही, वेळ गेला, तो वर्षानुवर्षं अपंग राहिला. त्याने ब्रिटनच्या बॉक्सिंग मंडळाला कोर्टात खेचलं आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने मंडळालाच जबाबदार धरलं. रिंगजवळ तयारीचे डॉक्टर ठेवणं ही मेहरबानी नसून कर्तव्य आहे, हे तिथे कायद्याने ठरलं. तोच वॉटसन २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन चालला. सहा दिवस लागले. पूर्ण केली.

भवानीपेक्षा ढाल मोठी असावी, असं माझे एक जुने सहकारी म्हणायचे. आपल्या भाषेत तर मौज अशी की ठोसाही पंच आणि निवाडा करणाराही पंच. या खेळात मुलाचा जीव त्या दुसऱ्या पंचावर टांगलेला असतो: मुलगा "थांबवू नका" म्हणत असताना थांबवणाऱ्यावर. मी ते करू शकले नव्हते.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. सज्ञान माणसाने, काय पणाला लावतोय ते समजून, तपासण्या करून, डॉक्टरांसमोर बॉक्सिंग खेळावं की नाही हे सरकारने ठरवू नये. पण तुमची मुलगी सज्ञान नाही. आणि मुलांच्या बाबतीत मी सरांपेक्षा डॉक्टरांच्या जास्त जवळ आहे. २०११ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन मुलांच्या आणि किशोरांच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध केला, त्याऐवजी डोक्यावर मारणं हा ज्यांचा हेतू नाही असे खेळ सुचवा असं डॉक्टरांना सांगितलं. मी तेवढं टोक गाठत नाही. दोरीवरच्या उड्या, बॅग, पॅड, पायांची चाल, पोटावरचे आणि खांद्यावरचे ठोसे, बचाव, यातून १५ वर्षांच्या मुलीला जे मिळतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय: पाठीचा कणा ताठ होतो, कुणी बोललं की नजर खाली जात नाही. त्यात डोक्याला धोका जवळपास नाही. धोका आहे तो स्पारिंगमध्ये, म्हणजे समोरासमोर एकमेकांवर ठोसे मारत केलेल्या सरावात, आणि स्पर्धेपेक्षा रोजच्या सरावातल्या स्पारिंगमध्ये जास्त, कारण स्पर्धा वर्षातून पाच-सहा आणि सराव आठवड्यातून पाच-सहा दिवस. तिच्या वयोगटातली लढत म्हणजे दोन मिनिटांचे तीन राउंड, समोर वजन मोजून उभी केलेली मुलगी, मध्ये पंच, खाली डॉक्टर. सरावात यातलं काय असतं? तुमच्याच पत्रात उत्तर आहे: "एका मोठ्या मुलीचा ठोसा."

म्हणून सरांना भेटा. क्रिकेटचा वाद घालू नका, चार साध्या गोष्टी विचारा. आमची मुलगी कुणाबरोबर स्पारिंग करते, तिचं वजन किती? आठवड्यातून किती दिवस डोक्यावर ठोसे चालतात, आणि ते कमी करता येतील का? कुणाला चक्कर आली तर तुम्ही काय करता, किती दिवस बसवता? आणि त्या दिवशी ठोसा बसलेला तुम्ही पाहिला होता का? हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरच्या माराने नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस रिंगबाहेर ठेवतात, भान हरपलं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. चांगल्या सरांना हे तोंडपाठ असतं, ते तुमच्या प्रश्नांनी चिडणार नाहीत, उलट त्यांना बरं वाटेल. "अहो, एवढ्यातेवढ्याने काय होतंय, बॉक्सर आहे ती" असं उत्तर आलं तर मात्र त्या दारातून परत फिरा आणि दुसरे सर शोधा. लांब जावं लागलं तरी चालेल.

आणि हो, सध्या शहरांत आणि आता तालुक्यांतही 'फाइट नाइट' नावाचे तमाशे होतात, तिकीट लावून, डीजे लावून. तिथे हिला कुणी बोलावलं तर सरळ नाही. २०२२ मध्ये बंगळुरूला एका किकबॉक्सिंग स्पर्धेत म्हैसूरचा २३ वर्षांचा मुलगा ठोसा लागून पडला आणि गेला. घरच्यांची तक्रार हीच होती की तिथे डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्सची सोय धड नव्हती. जिथे डॉक्टर आधी आणि घंटा नंतर, तिथेच पोरीला रिंगमध्ये चढवायचं.

भरतीचं सर म्हणतात ते खोटं नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, आणि बॉक्सिंग म्हणजे नुसतं हरयाणा-मणिपूर राहिलेलं नाही. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये युवा जगज्जेती झाली, पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये. बंदी मागणाऱ्या डॉक्टरांची स्वतःची मुलं बहुतेक टेनिस किंवा बॅडमिंटनला जातात, हे म्हटलं की त्यांना राग येतो, पण ज्या घरांत वर यायला एकच शिडी असते तिथे ती शिडी काढून घेणं सोपं नसतं. त्याच वेळी हेही खरं की त्या शिडीची किंमत त्याच घरातली मुलं मोजतात. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. तुमच्याकडे मात्र दुकान आहे, मुलगी अभ्यासात बरी असावी. तुम्हाला घाई नाही. हे वर्ष दहावीचं, डोकं शांत राहू द्या, स्पर्धा पुढच्या वर्षीही असतात.

आता सगळ्यात अवघड काम. यांना ताज्या कलमातलं सांगा. दिरांसमोर नाही, जेवताना नाही. दुकान बंद करून आल्यावर, दोघंच असताना. ते चिडतील, "म्हणूनच बंद केलं" असंही म्हणतील. म्हणू दे. मुलीला त्याआधी सांगा की मी बाबांना सांगणार आहे, तिच्या पाठीमागे नको. आणि तिला एक शब्द द्या, यांच्याकडूनही घ्या: डोकं दुखलं, चमकलं, गरगरलं असं तिने येऊन सांगितलं तर त्या दिवशी खेळ थांबेल, पण सांगितल्याची शिक्षा म्हणून खेळ कायमचा जाणार नाही. हा शब्द तुम्ही मोडलात तर ती पुन्हा कधी काही सांगणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

डॉक्टरांकडे जाताना यांना बरोबर घ्या. डॉक्टर सांगतील ते त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलेलं बरं, तुमच्या तोंडून ऐकलं तर ते तुमचं मत होईल आणि त्यावर दिरांचं मत चढेल. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पेटीची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या, ते योग्यच आहे. फक्त ग्लोव्हज एकदा बाहेर काढून दिवसभर सावलीत वाऱ्याला ठेवायला सांगा. पेटीत घाम मुरला की आतून कुबट वास धरतात, आणि मग तो काही केल्या जात नाही.

तुमची,
ताई